न्यूट्रॉन कुठल्या कप्प्यात बसला?

गेल्या अंकात याच सदरात मी मॅग्नेशियम-३२ बद्दल थोडंसं लिहिलं होतं: त्यात २० न्यूट्रॉन असतात, २० हा जादुई अंक आहे, आणि तरीही त्या केंद्रकात जादूचा मागमूस नाही. तेवढ्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांना तीच एक गोष्ट खटकली आहे, आणि ती खटकावी अशीच आहे. म्हणून या महिन्यात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरं देते. माझं स्वतःचं प्रयोगातलं आयुष्य याच विषयात गेलं, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : मी तीसहून अधिक वर्षं विज्ञान शिकवलं. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ हे अंक फळ्यावर लिहून सांगायचो की केंद्रकातही कवचं असतात, आणि कवच पूर्ण भरलं की केंद्रक विशेष घट्ट होतं. आता तुम्ही म्हणता २० चालत नाही. मग आम्ही मुलांना चुकीचं शिकवलं का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : नाही सर, चुकीचं शिकवलं नाहीत. ज्या केंद्रकांवरून ते अंक सापडले, त्यांना ते आजही लागू आहेत. ती केंद्रकं कोणती होती, एवढंच आपण पाहायला हवं.

१९४९ साली अमेरिकेत मारिया गेपर्ट-मायर यांनी आणि जर्मनीत हाक्सेल, येन्सेन आणि झ्यूस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हे कोडं सोडवलं. २, ८, २० इथपर्यंत साधं गणित पोहोचत होतं. २८, ५०, ८२ मात्र काही केल्या निघत नव्हते. एनरिको फर्मी यांनी मायर यांना बोलता बोलता विचारलं, की स्पिन (कणाचं जणू स्वतःभोवतीचं फिरणं) आणि कक्षेतली गती यांच्यात जोडणी असल्याची काही खूण दिसते का? त्या प्रश्नातून सगळं उलगडलं. न्यूट्रॉनचा स्पिन त्याच्या कक्षीय फिरण्याच्या दिशेला असेल तर त्याची ऊर्जा खाली येते, उलट दिशेला असेल तर वर जाते. हा फरक केंद्रकात इतका मोठा असतो की पायऱ्यांची मांडणीच बदलते, आणि मोठी अंतरं नेमकी २८, ५०, ८२ आणि १२६ ला पडतात. मायर आणि येन्सेन यांना १९६३ चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

पण त्यांच्यासमोर होती ती निसर्गात मिळणारी, स्थिर किंवा जवळजवळ स्थिर केंद्रकं. अशी स्थिर केंद्रकं तीनशेही नाहीत. आज आपल्याला माहीत असलेली केंद्रकं तीन हजारांच्या वर आहेत. स्थिर केंद्रकांच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून काढलेला नियम आपण सगळ्या नकाशाला लावला होता.

जादुई अंक म्हणजे खरं तर ऊर्जेच्या दोन पायऱ्यांमधलं मोठं अंतर. ते अंतर मोठं असलं की केंद्रकाला थोडंसं हलवायलाही बरीच ऊर्जा लागते. आता २० न्यूट्रॉनवर थांबून फक्त प्रोटॉन कमी करत जाऊ या. कॅल्शियम-४० मध्ये पहिल्या २ स्पिनच्या अवस्थेपर्यंत जायला ३.९ एमईव्ही, म्हणजे ३९ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, लागतात. गंधक-३६ ला ३.३, सिलिकॉन-३४ ला ३.३. इथपर्यंत सगळं तुमच्या फळ्याप्रमाणे. आणखी फक्त दोन प्रोटॉन काढले की येतं मॅग्नेशियम-३२, आणि आकडा एकदम ०.८८५ वर कोसळतो. न्यूट्रॉन तेवढेच, २०. पायरी मात्र गेली. ही भानगड पहिल्यांदा सोडियमच्या जड समस्थानिकांची वस्तुमानं १९७५ मध्ये सर्नला मोजली गेली तेव्हा लक्षात आली. अपेक्षेपेक्षा ती केंद्रकं जास्त घट्ट बांधलेली निघाली. नंतर या भागाला ‘उलटापालटीचं बेट’ असं नाव पडलं.

असं का होतं? मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे. न्यूट्रॉनच्या पायऱ्या न्यूट्रॉन एकटे ठरवत नाहीत, शेजारचे प्रोटॉनही त्यात भाग घेतात. डी ५/२ या कक्षेतले प्रोटॉन डी ३/२ या कक्षेतल्या न्यूट्रॉनला विशेष ओढून धरतात (अक्षर कक्षेचा प्रकार सांगतं, अपूर्णांक कक्षा आणि स्पिन मिळून होणारा कोनीय संवेग). सिलिकॉनमध्ये ती प्रोटॉनची कक्षा भरलेली असते, म्हणून न्यूट्रॉनची डी ३/२ पायरी खाली राहते आणि तिच्या वर २० चं मोठं अंतर दिसतं. प्रोटॉन काढत गेलात की ओढ कमी होते, डी ३/२ वर सरकते, वरच्या पायऱ्यांना जाऊन भिडते. २० चं अंतर आटतं आणि तिच्या खाली, १६ पाशी, नवं अंतर उघडतं. ऑक्सिजनला पोहोचेपर्यंत तर डी ५/२ मध्ये एकही प्रोटॉन उरत नाही. म्हणून १६ न्यूट्रॉनचा ऑक्सिजन-२४ जादुई केंद्रकासारखा वागतो, आणि तोच ऑक्सिजनचा शेवटचा बांधलेला राहणारा समस्थानिक. ऑक्सिजन-२८ मध्ये ८ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन, दोन्ही तुमच्या यादीतले अंक. २०२३ मध्ये जपानच्या रिकेन प्रयोगशाळेतून तो दिसल्याची बातमी आली. पण तो बांधलेला नाही, चार न्यूट्रॉन सोडून ऑक्सिजन-२४ होतो.

तेव्हा फळ्यावरची यादी राहू द्या, सर. तिच्याखाली एक ओळ जोडावी लागेल, की ही यादी स्थिर केंद्रकांसाठीची आहे.

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या लेखात ‘स्थलांतर अभिक्रिया’ असा शब्द होता. केंद्रक डोळ्यांना दिसत नाही, कक्षा तर त्याहून नाही. मग एखादा न्यूट्रॉन कुठल्या कक्षेत आहे हे तुम्हाला कसं कळतं? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : तुझं पत्र वाचून मला माझाच तो काळ आठवला. मलाही हाच प्रश्न पडला होता, आणि पुस्तकातलं सूत्र मला येत होतं तरी उत्तर समजलं नव्हतं.

असं समज, तुझ्यासमोर एक कपाट आहे. कप्पे बंद आहेत, आत डोकावता येत नाही. पण तुला एक वस्तू आत ठेवता येते, आणि ती ठेवून परत येणाऱ्याकडे पाहता येतं. स्थलांतर अभिक्रिया म्हणजे ही ठेवाठेव. आम्ही ड्युटेरॉन वापरतो: एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, एकमेकांना अगदी सैल धरलेले. त्यांना वेगळं करायला जेमतेम २.२ एमईव्ही पुरतात, तर सर्वसाधारण केंद्रकातून एक न्यूट्रॉन उपटायला आठच्या आसपास लागतात. ड्युटेरॉन केंद्रकाच्या कडेने जातो, न्यूट्रॉन तिथे राहतो, प्रोटॉन पुढे निघून जातो. त्या प्रोटॉनकडे आमचं सगळं लक्ष.

त्याला आम्ही दोनच गोष्टी विचारतो. पहिली, तुझ्याकडे ऊर्जा किती उरली? न्यूट्रॉन खालच्या पायरीवर बसला असेल तर वाचलेली ऊर्जा प्रोटॉनला मिळते, तो जोरात येतो. वरच्या पायरीवर बसला असेल तर प्रोटॉन मंद येतो. त्यामुळे प्रोटॉनच्या ऊर्जांचा आलेख काढला की त्यावर शिखरं दिसतात, आणि प्रत्येक शिखर म्हणजे नव्या केंद्रकाची एकेक अवस्था.

दुसरी गोष्ट, तू कुठल्या कोनात आलास? खरी करामत इथे आहे. न्यूट्रॉन केंद्रकाच्या पृष्ठभागावर उतरतो. तो उतरताना जितका संवेग आत नेतो, त्याला केंद्रकाच्या त्रिज्येने गुणलं की मिळतो त्याने आत नेलेला कोनीय संवेग. कोनीय संवेग मनाला येईल तेवढा असू शकत नाही. शून्य, एक, दोन, तीन अशा ठरलेल्या पटींतच असतो. न्यूट्रॉनने काही कोनीय संवेग न्यायचाच नसेल, तर प्रोटॉनला दिशा बदलायची गरज पडत नाही आणि सर्वांत जास्त प्रोटॉन नाकासमोर जातात. एक पट न्यायचा असेल तर त्यांचं शिखर थोड्या कोनावर सरकतं. तीन पट असेल तर बरंच बाजूला. कुठल्या कोनात किती प्रोटॉन आले एवढं मोजलं की न्यूट्रॉनची कक्षा एस, पी, डी की एफ, हे कळतं. १९५१ च्या सुमाराला ऑस्ट्रेलियाचे स्टुअर्ट बटलर यांनी हे गणित मांडलं, आणि पुढची दोन दशकं जगभरच्या लहानमोठ्या त्वरकांवर या एका कल्पनेने स्थिर केंद्रकांची कपाटं उघडली गेली.

एक मर्यादाही लक्षात ठेव. कोनावरून कक्षीय भाग कळतो, पण स्पिन त्याला समांतर आहे की उलटा, म्हणजे पी ३/२ की पी १/२, हे तेवढ्यावरून सुटत नाही. त्यासाठी दुसरा पुरावा जोडावा लागतो. मी विद्यार्थिनी असताना हे विसरून एका बैठकीत एका शिखराला ठामपणे नाव देऊन बसले होते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी शांतपणे विचारलं, ‘हे तुला कोनाने सांगितलं की तुला हवं होतं म्हणून?’ तेव्हापासून मी प्रत्येक शिखरापुढे दोन रकाने काढते: मोजलेलं आणि मानलेलं. तूही काढ.

प्रश्न : तुम्ही ज्या केंद्रकांबद्दल लिहिता ती काही सेकंदांत नाहीशी होतात. त्यांची पट्टी बनवून तिच्यावर ड्युटेरॉन सोडणार तरी कसे? मी यंत्र अभियंता आहे, मला प्रत्यक्ष मांडणी समजून घ्यायची आहे. (एक वाचक)

उत्तर : नेमकं बोट ठेवलंत. याच अडचणीमुळे हा विषय स्थिर केंद्रकांपाशी कित्येक वर्षं अडून राहिला. कथील-१३२ घ्या. ५० प्रोटॉन, ८२ न्यूट्रॉन, दोन्ही जादुई. आणि अर्धायुष्य सुमारे ४० सेकंद. त्याची पट्टी बनूच शकत नाही.

म्हणून भूमिका उलटवायच्या. जड, अल्पायुषी केंद्रकाचाच झोत करायचा आणि ड्युटेरियम, म्हणजे ज्याचं केंद्रक ड्युटेरॉन असतं तो जड हायड्रोजन, स्थिर ठेवायचं. ते ठेवायचं कशात, तर प्लास्टिकमध्ये. साध्या पॉलिथिनमधल्या प्रत्येक हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं पॉलिथिन मिळतं. ते गरम झायलीनमध्ये विरघळवून काचेवर ओतायचं, झायलीन उडून गेलं की काच हळूच पाण्यात बुडवायची, पापुद्रा सुटून पृष्ठभागावर तरंगतो, तो धातूच्या चौकटीवर उचलून घ्यायचा. माझं या क्षेत्रातलं पहिलं काम हेच होतं. झायलीन जरा लवकर थंड झालं की पापुद्र्यावर पांढुरके डाग यायचे, उशीर झाला की तो काचेलाच चिकटायचा. पहिल्या महिन्यात मी चाळीसएक पापुद्रे केले, चौकटीपर्यंत नऊ पोहोचले. ते नऊ मी अजून विसरलेली नाही.

भूमिका उलटवल्या की एक विलक्षण गोष्ट घडते. जड केंद्रकाच्या जागी बसून पाहा: समोरून ड्युटेरॉन येतोय, न्यूट्रॉन देतोय आणि उरलेला प्रोटॉन त्याच दिशेने, तुमच्या पाठीमागे, निघून जातोय. म्हणजे प्रयोगशाळेत उभं राहून पाहिलं तर आपल्याला हवे असलेले प्रोटॉन झोत जिकडून आला तिकडेच परत येतात. त्यामुळे डिटेक्टर पापुद्र्याच्या मागे, झोताच्या येण्याच्या बाजूला लावायचे. सिलिकॉनच्या पातळ चकत्या, त्यांवर बारीक पट्ट्या, मधोमध झोत जायला भोक. पहिल्यांदा मांडणी पाहणाऱ्याला सगळं उलटं बसवलंय असंच वाटतं.

तोटाही आहे. या उलट्या मांडणीत ऊर्जांमधली अंतरं दाबली जातात. केंद्रकात दोन अवस्था एक एमईव्ही अंतरावर असल्या तरी एका ठरावीक कोनात प्रोटॉनच्या ऊर्जेतला फरक त्याच्या निम्म्याहून कमी उरू शकतो. शिखरं एकमेकांत मिसळतात. यावर अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेने जो उपाय काढला, तो अभियंता म्हणून तुम्हाला नक्की आवडेल. पापुद्रा आणि डिटेक्टर दोन्ही एका मोठ्या सोलेनॉइड चुंबकाच्या पोटात, अक्षावर ठेवायचे. बाहेर पडलेला प्रोटॉन मळसूत्राच्या वाटेने फिरतो आणि एक फेरी पूर्ण करून अक्षावर परत येतो. फेरीला लागणारा वेळ त्याच्या वेगावर अवलंबून नसतो, फक्त वस्तुमान, विद्युतभार आणि क्षेत्र यांवर. २ टेस्लामध्ये प्रोटॉनला सुमारे ३३ नॅनोसेकंद लागतात, ड्युटेरॉनला त्याच्या दुप्पट. म्हणजे घड्याळ पाहिलं की कण ओळखला. आणि तो अक्षावर किती मागे येऊन पडला ते अंतर मोजलं की केंद्रकातली ऊर्जा सरळ रेषेच्या साध्या नात्याने मिळते. दाबली गेलेली अंतरं मोकळी होतात. या मांडणीचं नाव हेलिओस. पुढे सर्नच्या आयसोल्डे केंद्रात याच तत्त्वावर दुसरी मांडणी उभी राहिली. दोन्हीकडचे चुंबक मुळात रुग्णांच्या एमआरआय तपासणीसाठी बनलेले होते.

आता कथील-१३२ चं काय झालं ते सांगते. अमेरिकेत ओक रिज इथे युरेनियमच्या विखंडनातून ते तयार केलं गेलं. त्याच वस्तुमानाचे अँटिमनी आणि टेल्युरियम बरोबर येतात आणि झोत गढूळ करतात. तिथल्या मंडळींनी स्रोतात गंधक मिसळलं. कथील गंधकाशी जोडी करून रेणूच्या रूपात बाहेर पडतं, ते दोघे तसं करत नाहीत. पुढे रेणू तोडला की बऱ्यापैकी शुद्ध कथील. इतक्या अवजड यंत्रसामग्रीत शाळेच्या रसायनशास्त्राने वाट काढून दिली, हे मला आजही भारावून टाकतं. मग ६३० एमईव्हीचा तो झोत ड्युटेरियमच्या पापुद्र्यावर सोडला. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. कथील-१३३ मधला एकटा ८३ वा न्यूट्रॉन चार पायऱ्यांवर दिसला: तळाला एफ ७/२, मग ८५४ केईव्हीवर (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) पी ३/२, १३६३ वर पी १/२ आणि २००५ वर एफ ५/२. यातली १३६३ ची पायरी आधी कुणी पाहिलेली नव्हती. प्रत्येक पायरीवर जवळजवळ निखळ एकटा न्यूट्रॉन, आत ढवळाढवळ नाही. म्हणजे स्थिर पट्ट्यापासून इतक्या लांब येऊनही ५० आणि ८२ इथे ठाम उभे आहेत. २० मॅग्नेशियममध्ये ढासळतो, ८२ कथिलात टिकतो. जागेवर जाऊन मोजल्याशिवाय यातलं काहीही ठरवता येत नाही.

प्रयोगाला वेळ किती लागतो, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंत. हिशेब करून पाहू. चौरस सेंटिमीटरला १६० मायक्रोग्रॅमचा पापुद्रा घेतला तर त्यात ड्युटेरियमची १२ वर अठरा शून्यं इतकी केंद्रकं असतात. अभिक्रियेचा काटछेद, म्हणजे ती घडण्याची शक्यता सांगणारं माप, १० मिलिबार्न धरला तर झोतातल्या साधारण ८० लाख केंद्रकांमागे एकच न्यूट्रॉन उचलतं. सेकंदाला एक लाख केंद्रकं येत असतील, आणि असा झोत मिळणं हे भाग्यच, तर तासाला चाळीसएक अभिक्रिया. डिटेक्टरना सापडतात त्यातल्या एक तृतीयांश, म्हणजे चौदा. त्या चार पायऱ्यांत आणि दहा कोनांत वाटल्या तर आठवड्याअखेर प्रत्येक खान्यात साठच्या आसपास नोंदी, आणि त्यातली अनिश्चितता तेरा टक्के. म्हणून आम्ही रात्रंदिवस पाळ्या लावतो. अशाच एका रात्री, मी पाळीवर असताना, प्रोटॉन हळूहळू कमी होत गेले. झोत क्षीण झालाय असं धरून आम्ही तीन तास त्याच्याच मागे होतो. पहाटे कुणीतरी नुसते टक्कर खाऊन उडालेले ड्युटेरॉन मोजून पाहिले, तर तेही त्याच प्रमाणात घटले होते. झोत ठणठणीत होता. त्याच्या माऱ्याने पापुद्र्यातलं ड्युटेरियमच उडून चाललं होतं. तेव्हापासून ती दुसरी मोजणी मी पडद्यावर कायम उघडी ठेवते.

प्रश्न : मॅग्नेशियम-३२ लंबगोल आहे असं तुम्ही लिहिलंत. मग त्याचं गोल, जादुई रूप अजिबातच नाहीसं झालं का? (एक वाचक)

उत्तर : नाहीसं झालं नाही, वर ढकललं गेलं. ते शोधायला एक न्यूट्रॉन पुरत नाही, जोडी लागते. आयसोल्डेमध्ये मॅग्नेशियम-३० चा झोत ट्रिटियमवर (एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा हायड्रोजन) सोडला गेला. ट्रिटियम टायटेनियमच्या पातळ पत्र्यात मुरवलेलं होतं. ट्रिटियमने दोन न्यूट्रॉन एकदम दिले आणि प्रोटॉन मागे आला. २०१० मध्ये त्यातून १०५८ केईव्हीवर शून्य स्पिनची दुसरी अवस्था, म्हणजे ते गोल रूप, सापडली. एकाच केंद्रकात, दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या अंतरात, दोन वेगवेगळी रूपं. ती दोन रूपं एकमेकांत किती मिसळली आहेत यावर नंतर बराच वाद झाला. मला स्वतःला त्यांच्यात पहिल्या अंदाजापेक्षा जास्त मिसळण असावी असं वाटतं.

प्रश्न : एवढा खटाटोप कशासाठी? याचा उपयोग काय? (दोन-तीन पत्रांत)

उत्तर : सोनं आणि प्लॅटिनम कुठून आले, या प्रश्नाची वाट याच केंद्रकांमधून जाते. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीसारख्या ठिकाणी केंद्रकं एकामागून एक न्यूट्रॉन गिळत जातात, इतक्या झपाट्याने की मध्ये क्षय व्हायला सवडच मिळत नाही. ८२ आणि १२६ न्यूट्रॉनपाशी मोठी पायरी आली की हा ओघ अडतो आणि तिथे केंद्रकं साचतात. विश्वातल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणात १३० आणि १९५ या वस्तुमानांच्या आसपास जे उंचवटे दिसतात, ते या साचण्याचे. दुसऱ्या उंचवट्यात सोनं आणि प्लॅटिनम येतात. १२६ ची पायरी शिशाच्या खाली, कमी प्रोटॉन असताना, कशी वागते हे कुणी जवळून पाहिलेलं नव्हतं. २०१८ मध्ये आयसोल्डेच्या नव्या सोलेनॉइडमध्ये पारा-२०६ च्या झोताला एकेक न्यूट्रॉन देऊन पारा-२०७ च्या पायऱ्या मोजल्या गेल्या. शिशापासून ते फक्त दोन प्रोटॉन खाली. सोनं घडवणारी खरी वाट त्याच्याही बरीच खाली आहे, पण त्या बाजूला टाकलेलं हे पहिलं पाऊल.

आणि खरं सांगायचं तर, उपयोग नसता तरी मी हेच केलं असतं. दोन प्रोटॉन काढल्यावर न्यूट्रॉनची पायरी का हलते, हे मला माहीत करून घ्यायचंच होतं.

प्रश्न : मी रसायनशास्त्रात संशोधन करतो. कथील-१३३ च्या निबंधात ‘स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर’ ०.८६ असा आकडा दिसला. उरलेला ०.१४ न्यूट्रॉन कुठे गेला? (एक संशोधक विद्यार्थी)

उत्तर : कुठेही गेला नाही. तो आकडा सांगतो, की ही अवस्था ‘कथील-१३२ जसंच्या तसं आणि वर एक न्यूट्रॉन’ या कल्पनेशी किती जुळते. पूर्ण जुळली तर १. बाकीचा अंश म्हणजे तोच न्यूट्रॉन असताना आतलं केंद्रकही थोडं हललेलं आहे, अशी रूपं. त्यात ०.८६ च्या शेजारी अनिश्चिततेची मर्यादा ०.१६ आहे, म्हणजे तो आकडा १ पासून वेगळा आहे असं म्हणताच येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा आकडा थेट मोजलेला नसतो. मोजलेला असतो काटछेद. त्याला गणिताने काढलेल्या काटछेदाने भागलं की हा फॅक्टर येतो, आणि गणितात आपण न्यूट्रॉनला धरून ठेवणाऱ्या विभवाची त्रिज्या किती धरली, ड्युटेरॉन वाटेत फुटण्याची शक्यता कशी हाताळली, यावर उत्तर सहज वीस-तीस टक्के हलतं. स्थिर केंद्रकांमधून इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने प्रोटॉन काढून मोजलं तेव्हा भरलेल्या कवचांतही अपेक्षेच्या साठ-सत्तर टक्केच अंश सापडला होता. स्थलांतराच्या जुन्या विश्लेषणांत मात्र कित्येकदा १ च्या जवळचे आकडे येत. दोन्ही प्रयोग प्रामाणिक होते, भागाकारातला छेद वेगळा होता.

म्हणून मी एकेकटा फॅक्टर घेऊन त्यावर काही रचत नाही. एकाच विभवाने, एकाच पद्धतीने काढलेले शेजारशेजारचे आकडे एकमेकांशी ताडून पाहते. कथील-१३३ च्या बाबतीतही मला पटलं ते त्या चारही पायऱ्यांचे आकडे एकाच रीतीने काढून शिसे-२०९ च्या आकड्यांशेजारी ठेवले तेव्हा. शिसे-२०८ हा दुहेरी जादुई केंद्रकाचा नावाजलेला नमुना, आणि कथील-१३२ त्याच्या पंगतीला शोभून दिसत होतं. तुम्ही निबंध पुन्हा उघडाल तेव्हा ०.८६ कडे जाण्याआधी त्यात त्रिज्या किती धरली आहे ते पाहा, आणि तीच त्रिज्या दुसऱ्या केंद्रकासाठीही धरली आहे का तेही.